बर्फाखालचा ज्वालामुखी फुटला हे कळतं कसं? आणि राखेचा अंदाज गंडतो कुठे?

वाटसरू_सातारा

नमस्कार मंडळी. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला तो हायली गुब्बी फुटला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्याची राख लाल समुद्र, येमेन, ओमान करत करत गुजरात-राजस्थान-दिल्लीच्या डोक्यावर आली, तेव्हापासून मला या विषयाचा किडा चावलाय. आमच्या साडूंची आखातात जाणारी फ्लाइट त्यात रद्द झाली आणि ते अजून त्या विमान कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, म्हणे आकाश निळंशार होतं, कसली राख नि कसलं काय. खाली काही जाणवलं नाही हे खरंय, कारण सगळं बरंच उंचावरून गेलं.

तर त्यावरून वाचत वाचत आइसलँडला पोचलो आणि तिथे डोकं चक्रावलं. तिथले बरेचसे मोठे ज्वालामुखी चक्क हिमनदीच्या खाली आहेत, काही ठिकाणी बर्फच पाच-सातशे मीटर जाड. म्हणजे डोंगराचं तोंड दिसतच नाही, हिवाळ्यात उजेड जेमतेम चार-पाच तास, बाकी वेळ ढग नाहीतर हिमवादळ. मग खाली काहीतरी शिजतंय हे यांना कळतं कसं? नुसते भूकंप मोजून? कॅमेरे तर काय कामाचे असणार.

दुसरं म्हणजे २०१० ला त्या एयाफ्यात्लायोकुत्लने (कॉपी-पेस्ट केलंय, चूक असेल तर सांभाळून घ्या) सगळा युरोप जवळजवळ आठवडाभर जमिनीवर बसवला. आणि पुढच्याच वर्षी ग्रिम्सव्होत्न नावाचा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा स्फोट झाला तर तेव्हा मोजक्याच फ्लाइट रद्द झाल्या. हे उलटं कसं? मोजण्यात सुधारणा झाली, नियम बदलले, की नुसतं नशीब?

जाणकारांनी उजेड पाडावा. लांब प्रतिसाद चालतील, चहा ठेवलाय.

---

खडकवेडा

मस्त धागा. मी भूशास्त्र शिकवतो, जन्म सह्याद्रीच्या काळ्या कातळावर गेला, पण विद्यार्थ्यांना जिता बसॉल्ट दाखवायचा तर आइसलँडच, त्यामुळे तिकडे जाणं झालंय. राखेच्या विमानी भागाबद्दल इथे डिस्पॅचवाला बोलेल, मी बर्फाखालचं सांगतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. २०२१ पासून रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिंदाविक गावाजवळ वगैरे जे लाव्ह्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, तिथे बर्फ नाही. म्हणून लोक जवळ जाऊन फोटो काढू शकले. तीच लाव्हा बर्फाखाली आली की पाण्याशी गाठ पडते, क्षणात थंड होऊन तिच्या ठिकऱ्या उडतात, आणि शांत वाहणाऱ्या लाव्ह्याऐवजी बारीक काचेची राख तयार होते. एयाच्या (पुढे एवढंच लिहितो, बोटं दुखतात) बाबतीत हे अगदी पुस्तकातल्यासारखं घडलं. २० मार्च २०१० ला डोंगराच्या कुशीत, बर्फ नसलेल्या खिंडीत भेग पडली, लाव्हा आली, पर्यटक जमले, सगळं मजेत. १२ एप्रिलला ते थांबलं. आणि १४ एप्रिलला मध्यरात्रीनंतर शिखरावरच्या सुमारे २०० मीटर जाड बर्फाखाली फुटलं, तेव्हा खरा खेळ सुरू झाला.

आता कळतं कसं. भूकंपमापक तर आहेतच, आइसलँडच्या हवामान खात्याचं देशभर जाळं आहे आणि हे खातं हवामान, भूकंप, ज्वालामुखी, नद्या, हिमकडे सगळं एकाच छपराखाली बघतं. आपल्याकडे यातलं प्रत्येक वेगळ्या खात्यात आहे, असो, त्या विषयात शिरलो तर धागा भरकटेल. मॅग्मा वर सरकताना खडक फोडत येतो, त्याचे शेकडो बारके भूकंप होतात आणि त्यांची खोली नकाशावर मांडली की तो कुठून कुठे चाललाय ते दिसतं. जोडीला जीपीएस. खाली मॅग्मा भरला की डोंगर भाकरीसारखा फुगतो, मधला भाग वर येतो आणि कडेची स्टेशनं बाहेरच्या बाजूला सरकतात, अगदी मिलिमीटर-सेंटिमीटरने. एयाच्या पायथ्याशी एका शेताजवळचं जीपीएस स्टेशन २०१० च्या सुरुवातीपासून असं सरकायला लागलं होतं, आणि डोंगराची कुरबुर तर १९९४ आणि १९९९ पासूनची. म्हणजे हा अचानक वगैरे अजिबात फुटला नव्हता. उलट हेक्ला नावाचा महाशय आहे तो २००० साली जेमतेम सव्वा तास आधी थरथरला आणि फुटला. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

पण मला विचाराल तर बर्फाखालच्या ज्वालामुखीवर नजर ठेवायची सगळ्यात हुशार जागा म्हणजे नदी. बर्फाखाली उष्णता वाढली की पाणी वितळतं, ते खालच्या गरम खडकातले क्षार घेऊन हिमनदीच्या तोंडातून बाहेर पडतं. मग नदीच्या पाण्याची विद्युतवाहकता वाढते. पुलाच्या खांबाला एक प्रोब बांधलेला असतो, दुसरा पाण्याची पातळी मोजतो, आणि हे आकडे सतत कार्यालयात येत राहतात. बाहेर बर्फ दिसायला जसाच्या तसा असतो, ढग टेकलेले असतात, आणि तो खांबाला बांधलेला प्रोब सांगतो की आत काहीतरी चाललंय. नदीकाठी सडक्या अंड्यासारखा वास यायला लागतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, त्यासाठी गॅस सेन्सर आहेत आणि वास जास्तच आला तर खातं लोकांना नदीपासून लांब राहा म्हणून इशारा देतं.

ग्रिम्सव्होत्नची तऱ्हा तर आणखी न्यारी. व्हात्नायोकुत्ल ही युरोपातली आकारमानाने सगळ्यात मोठी हिमटोपी, तिच्या मधोमध याची काहिली (ज्वालामुखीचा खचलेला कढईसारखा खड्डा), आणि त्या काहिलीत बर्फाच्या जाड झाकणाखाली तळं. हे तळं भरत जातं आणि काही वर्षांनी बर्फाखालून वाट काढून दक्षिणेला रिकामं होतं. शास्त्रज्ञांनी काय केलंय, त्या तरंगत्या झाकणावरच जीपीएस नेऊन ठेवलाय. झाकण खाली जायला लागलं की समजायचं तळं सुटलं, आता एक-दोन दिवसात खाली पूर येणार. आणि तळं रिकामं झालं की वरचा दाब कमी होतो आणि त्याने खाली तयार बसलेला मॅग्मा सुटू शकतो. नोव्हेंबर २००४ ला नेमकं तसंच झालं, आधी पूर, मग उद्रेक. २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा तळं सुटलं, सगळे सज्ज, विमानांसाठीच्या इशाऱ्याचा रंगही (हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा चढता) वाढवला, पण फुटला नाही.

पुराचा आवाका लक्षात यावा म्हणून १९९६ चं सांगतो. ३० सप्टेंबरला बार्दारबुंगा (हाही बर्फाखालचाच ज्वालामुखी) आणि ग्रिम्सव्होत्नच्या मध्ये ग्याल्प नावाच्या जागी उद्रेक सुरू झाला, बर्फ पाचशे मीटरच्या वर जाड, तो साधारण तीस तासांत आरपार वितळला. पाणी मात्र बाहेर आलं नाही, सगळं ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात साठत गेलं. महिनाभर सगळा देश वाट बघत बसला. ५ नोव्हेंबरला तळं सुटलं. आपलं कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे साधारण ३ घन किलोमीटर, तर त्याहून थोडं जास्तच पाणी दोन दिवसांच्या आत समुद्राकडे गेलं. शिखर प्रवाह सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटर. घराएवढे बर्फाचे तुकडे वाहत आले आणि हमरस्त्यावरचा पूल गेला. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर आजही स्केइदाराऊरसांदुरच्या काळ्या वाळूत रस्त्याकडेला ठेवलेत, मी त्यावर हात ठेवून बघितलाय, माझ्या छातीएवढी उंच तुळई आणि तिला पीळ पडलेला. माणूस एकही मेला नाही, कारण इशारा होता आणि रस्ता बंद होता.

अडचण काय, तर हिमनदी स्वतःही गोंगाट करते. बर्फ तडकला की तोही छोटा भूकंप, पाणी जोरात वाहिलं की त्याची थरथर, आणि ती थरथर उद्रेकाच्या थरथरीसारखीच दिसते. जुलै २०११ ला कात्ला या दुसऱ्या बर्फाखालच्या ज्वालामुखीच्या बाजूला म्यूलाक्विस्ल नदीवरचा पूल पुराने नेला, भूकंपमापकांवर तासन् तास थरथर होती, आणि तो बर्फाखाली झालेला छोटा उद्रेक होता की नुसतंच साठलेलं गरम पाणी सुटलं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

---

मावळतीचं_ऊन

खडकवेडा सर _/\_ वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका, आम्ही नवराबायको सप्टेंबरात तिकडे गाडीने फिरणार आहोत आणि व्हीक गावात मुक्काम बुक केलाय, आता तुमचं वाचून नवरा म्हणतोय कॅन्सल कर. ते कात्ला बरोब्बर डोक्यावर आहे ना? इतकं घाबरायचं कारण आहे का?

---

डिस्पॅचवाला

खडकवेडाने बोलावलंच आहे तर बसतो. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचला आहे, कुठल्या ते विचारू नका. वाटसरूंच्या साडूंना म्हणावं, राखेच्या बाबतीत निळं आकाश हा पुरावा नाही. इंजिनाला त्रास देणारी राख पातळ पसरली की खालून डोळ्याला दिसत नाही, आणि विमानाच्या नाकातला वेदर रडार पावसाच्या थेंबांसाठी असतो, त्यालाही ती बारीक कोरडी राख दिसत नाही.

राख वाईट का, तर ती म्हणजे काच. साधारण अकराशे अंशाला मऊ पडून वितळायला लागते आणि इंजिनाच्या आत तापमान त्याच्या वर असतं. आत वितळते, मागच्या पात्यांवर जाऊन चिकटते, हवेची वाट बंद, इंजिन बंद. २४ जून १९८२ चं ब्रिटिश एअरवेजचं ते ९ नंबरचं फ्लाइट, लंडनहून निघून आपल्या मुंबईला थांबून क्वालालंपूर आणि पुढे पर्थला चाललेलं, जावाच्या वर रात्री गालुंगगुंगच्या राखेत शिरलं आणि जंबोची चारही इंजिनं बंद. ३७ हजार फुटांवरून घरंगळत खाली आलं, खाली आल्यावर चिकटलेली काच थंड होऊन तडकली आणि इंजिनं परत लागली. काच इतकी घासली गेली होती की जकार्ताला पायलटला समोरचा रनवे नीट दिसत नव्हता. या नि अशा घटनांनंतर जगभरात नऊ केंद्रं नेमली गेली, कुठलाही ज्वालामुखी फुटला की त्या त्या भागाच्या केंद्राने राख कुठे जाणार याचा नकाशा द्यायचा, साधारण दर सहा तासांनी. हायली गुब्बीच्या वेळी तुलूझचं केंद्र देत होतं. आइसलँडची जबाबदारी लंडनकडे. म्हणजे डोळे आइसलँडचे, गणित लंडनचं.

आणि गंडतं कुठे तर या दोघांच्या मधल्या आकड्यावर. कॉम्प्युटर मॉडेलला वारा बऱ्यापैकी माहीत असतो. त्याला जे माहीत नसतं ते म्हणजे तोंडातून सेकंदाला किती राख निघतेय. ते थेट मोजायची सोय नाही. म्हणून वर चढणाऱ्या राखेच्या स्तंभाची उंची मोजतात आणि उंचीवरून वस्तुमान काढतात. आता इथे मेख आहे, वस्तुमान हे उंचीच्या साधारण चौथ्या घातात वाढतं. म्हणजे उंचीत २० टक्के चूक झाली, ५ किलोमीटरचा स्तंभ ६ किलोमीटर धरला, तर राख दुप्पट निघते हिशोबात. त्यातून दूरवर जाणारी बारीक राख किती, तर ५ टक्के वगैरे धरायचं. एवढ्याशा आकड्यांवर आख्ख्या युरोपचा नकाशा रंगवायचा.

आणि २०१० ला ती उंची बघणारा रडार किती होता? एक. केफ्लाविक विमानतळाजवळ, ज्वालामुखीपासून साधारण दीडशे किलोमीटरवर. इतक्या लांबून पृथ्वीची गोलाई आणि मधले डोंगर, दोन्ही आडवे येतात, स्तंभ तीनेक किलोमीटरच्या खाली आला की रडारला दिसायचाच बंद. आणि वरही रडार पायऱ्या पायऱ्यांनी बघतो, त्यामुळे उंचीचे आकडे मधले निघतच नाहीत, एका पायरीवरून एकदम दुसरीवर. सुरुवातीला स्तंभ नऊ-दहा किलोमीटरला होता तेव्हा ठीक, नंतर तो खुरटला आणि वाऱ्याने आडवा झाला. आडवा स्तंभ म्हणजे दुसरी फसगत, कारण वारा जोरात असला की तेवढीच राख निघूनही स्तंभ बुटका दिसतो, आणि सूत्र म्हणतं उद्रेक संपत आला. मग काय, विमानांतून जाणाऱ्या लोकांचे निरोप, किनाऱ्यावरचे कॅमेरे, तटरक्षक दलाच्या विमानाच्या फेऱ्या, जे मिळेल ते जोडून आकडा काढत होते बिचारे.

पण खरं कुलूप नियमाचं होतं. तोपर्यंत नियम एकच, राख आहे तर जायचं नाही. किती आहे हा प्रश्नच नव्हता. अटलांटिकवर एखादा ढग असेल तर वळसा घालून जाता येतं, पण तो ढग लंडन-फ्रँकफर्ट-पॅरिसवर पसरला तर वळसा घालणार कुठून. १५ एप्रिलला ब्रिटनचं आकाश बंद झालं, मग एकेक देश, आणि मिळून एक लाखाच्या आसपास फ्लाइट रद्द. २० एप्रिलला ब्रिटनच्या नियामकाने इंजिनवाल्यांशी बोलून घनमीटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा काढली, पुढच्या महिन्यात ४ मिलिग्रॅमपर्यंत अटी घालून परवानगी दिली. उद्रेक तर २२ मेच्या आसपासपर्यंत चालूच होता.

---

ठेचाभाकर

डिस्पॅचवाला दादा, सगळं मान्य, पण मी तेव्हा फ्रँकफर्टला अडकलो होतो विमानतळावर खाटेवर झोपून, त्यामुळे माझं मत जरा कडवट आहे. लुफ्तान्सा, केएलएमने तेव्हा रिकामी विमानं उडवून दाखवली ना? ब्रिटिश एअरवेजचा तर सीईओ स्वतः बसला होता टेस्ट फ्लाइटमध्ये. कुणाला ओरखडा नाही. म्हणजे पाच दिवस जे बंद होतं ते कॉम्प्युटरच्या चित्राला घाबरून. जे मोजलंच नाही त्यावर दहा लाख नाही तर कोटभर माणसं खोळंबवली. त्या चार दिवसात कुणी एक विमान वर पाठवून राख गोळा करून आणायची नाही का?

---

डिस्पॅचवाला

ठेचाभाकर, पाठवली होती. ब्रिटनने संशोधनाची विमानं उडवली, जर्मनांनी फाल्कन उडवलं १९ तारखेला. पण असली उपकरणं बसवलेली विमानं रोज तयार नसतात, तुमची तक्रार तिथे बरोबर आहे, ती तयारी आधी नव्हती. नंतर ब्रिटिश हवामान खात्याने याच कामासाठी एक छोटं विमान कायमचं ठेवलं.

टेस्ट फ्लाइटचं मात्र मला कौतुक नाही. एका रस्त्याने एक विमान गेलं आणि ठीक आलं याचा अर्थ त्या रस्त्यावर त्या तासाला राख कमी होती एवढाच. त्याच सुमारास फिनलंडच्या हवाई दलाची हॉर्नेट विमानं सरावाला गेली होती त्यांच्या इंजिनात वितळलेली काच सापडली, ते फोटो आहेत नेटवर. आणि नंतर कोपनहेगन आणि आइसलँडच्या लोकांनी सुरुवातीच्या दिवसातली राख तपासली तर कण टोकदार, कडक, इंजिनाला वाईट असेच निघाले. नियम चुकीचा होता, बंद करणारे चुकले असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी त्यांच्या टेबलावर दुसरा नियमच नव्हता.

---

आकाशनजर

उशिरा आले. माझं काम उपग्रहाच्या चित्रांचं आहे, शेतीसाठीच्या, पण पीएचडीत राखेवर बराच वेळ घातलाय म्हणून लिहिते. वाटसरू काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलंय, ग्रिम्सव्होत्नचं.

२१ मे २०११ च्या संध्याकाळी तो फुटला, स्तंभ जवळजवळ २० किलोमीटर उंच, एयाच्या दुप्पट. आठवड्याभरात आटोपला. रद्द झालेल्या फ्लाइट साधारण ९००. नियम बदलले होते हे एक कारण, पण राखही वेगळी होती, बसॉल्टची, जरा जाडसर, पटापटा खाली बसली, आणि जोरही दोन-तीन दिवसांतच ओसरला. एया मात्र ३९ दिवस बारीक राख काढत राहिला आणि वारा नेमका आग्नेयेला. तर नशीबही होतंच. रडारच्या बाबतीत म्हणाल तर तेव्हा इटलीच्या नागरी संरक्षण विभागाकडून उसना आणलेला एक फिरता छोटा रडार ज्वालामुखीच्या बराच जवळ नेऊन ठेवला होता, त्याने उंचीचे आकडे खूप सुधारले. नंतर देशाच्या पूर्वेला दुसरा कायमचा रडार झाला आणि स्वतःचे फिरते रडारही आले.

आता बर्फ आम्हाला कसा छळतो ते सांगते. उपग्रहावरून राख ओळखायची जुनी युक्ती अशी की इन्फ्रारेडच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यात, ११ आणि १२ मायक्रॉनच्या, तापमान बघायचं आणि वजाबाकी करायची. साधा पाण्याचा किंवा बर्फाचा ढग असेल तर उत्तर एका बाजूला येतं, राख असेल तर उणे. छान चालतं वाळवंटी ज्वालामुखीला. पण हिमनदीतून फुटलेल्या स्तंभात पाण्याची वाफ प्रचंड, ती वर जाऊन गोठते आणि राखेच्या कणाभोवती बर्फाचं कवच बसतं. उपग्रहाला बर्फाचा ढग दिसतो आणि राख आत लपून बसते. म्हणजे सगळ्यात जास्त राख जिथे आहे तिथेच, तोंडाजवळ, चित्र म्हणतं राख नाही. शिवाय भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर, आइसलँड ६४ अंशांवर, तो तिरकसच बघतो. ध्रुवीय उपग्रह मात्र उत्तरेला वारंवार जातात ही जमेची बाजू.

मग लोक म्हणतात सल्फर डायऑक्साइड बघा, तो सोपा दिसतो, तो जिथे तिथे राख. २०११ ला तेच फसलं. गॅस वरच्या थरात जाऊन उत्तरेला गेला आणि राख खालच्या थरातून दक्षिणेला, कारण दोन उंचीवर वारे वेगळे. गॅसचा नकाशा बघून विमानं वळवली असती तर सरळ राखेत.

रडारवाली चित्रं मात्र ढगातून, रात्रीतून आरपार बघतात. एयाच्या वेळी आइसलँडच्या तटरक्षक दलाच्या विमानाने १५ एप्रिलला वरून रडार प्रतिमा घेतली, खाली काही दिसत नव्हतं, आणि चित्रात बर्फाला पडलेली तीन भोकं अशी आली की दोन डोळे आणि आ वासलेलं तोंड. पेपरात सगळीकडे भूत म्हणून छापून आलं, पण त्या चित्रावरून बर्फ किती वितळला, विवरं कुठली उघडली, म्हणजे पुढचा पूर कुठल्या बाजूने येणार, हे सगळं काढता आलं. पूर तर येत होताच, मार्कारफ्ल्योत नदीवरचा पूल वाचवायला त्यांनी जेसीबीसारखी मशीन लावून हमरस्ता स्वतःच फोडला आणि पाण्याला वाट करून दिली. रस्ता दोन दिवसांत भरता येतो, पूल नाही.

आणि ठेचाभाकर, उलट बाजूचं उदाहरण. ऑगस्ट २०१४, बार्दारबुंगा. १६ तारखेपासून भूकंपांचा पाऊस, मॅग्मा बर्फाखालून आडवा चाललाय हे नकाशावर दिवसेंदिवस दिसत होतं. २३ ला वाटलं बर्फाखाली फुटला, रंग लाल केला. विमान वर गेलं, बर्फावर काहीच खूण नाही, दुसऱ्या दिवशी परत नारिंगी. जगभर हसले लोक. आणि मॅग्मा तसाच पंचेचाळीसेक किलोमीटर चालत बर्फाच्या बाहेर होलुह्रौनच्या मोकळ्या माळावर निघाला, ३१ ऑगस्टपासून २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत नुसती लाव्हा, ८४ चौरस किलोमीटर. राख नाहीच जवळजवळ. काही किलोमीटर अलीकडे निघाला असता तर बर्फ होता, आणि मग २०१० पुन्हा. काहिलीच्या बर्फावर ठेवलेला जीपीएस त्या सहा महिन्यांत महिनोन् महिने खाली जात होता, एकूण काहिली ६५ मीटर खचली. लाल करून मागे घेणं ही चूक नाही, त्या दिवशी बर्फाखाली बघायला दुसरं काही नव्हतं.

---

खडकवेडा

आकाशनजर ताई, हे गॅस उत्तरेला राख दक्षिणेला मी वर्गात सांगतो, पण वजाबाकीत बर्फाचं कवच आडवं येतं हे इतकं नीट आधी वाचलं नव्हतं. धन्यवाद. जाता जाता, २०१४ चा तो आडवा मॅग्मा आणि आपल्या धुळे-नंदुरबारकडचे डाइक शेजारी शेजारी ठेवून बघा कधी. तिकडचे उभे काळे बांध शेतातून मैलोन् मैल जातात ते म्हणजे अशाच वाटा, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या.

---

उत्तरेकडची

मूळची कोल्हापूरची, सध्या रेक्याविक. मावळतीचं ऊन, बुकिंग कॅन्सल करू नका :) कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ चा, म्हणून सगळे म्हणतात आता येणार आता येणार, आणि इथली माणसं ते ऐकत ऐकत म्हातारी होतात. पण तयारी मात्र पक्की आहे. व्हीकमध्ये टेकडीवर ते लाल छपराचं चर्च आहे ना, सगळे फोटो काढतात, ते गावातलं उंच ठिकाण, पूर आला तर तिकडे जमायचं आणि गावात त्याचा सराव होतो. त्या भागात असलेल्या मोबाइलवर आपोआप मेसेज येतो, तुमच्या भारतीय सिमवरसुद्धा, फक्त रोमिंग चालू ठेवा आणि मेसेज आला तर फोटो काढत बसू नका.

उद्रेकापेक्षा जास्त शक्यता आहे ती रस्ता बंद होण्याची. २७ जुलै २०२४ ला कात्लावरच्या मिर्दाल्सयोकुत्ल हिमटोपीमधून स्काल्म नदीला अचानक पूर आला आणि व्हीकच्या पूर्वेचा हमरस्ता पाण्याखाली. तर दिवस जरा सैल ठेवा, पूर्वेकडून परतीची फ्लाइट असेल तर एक रात्र मधे ठेवा. हवामान खात्याची साइट इंग्रजीत आहे, सगळे भूकंप, नद्यांचे आकडे, विमानांच्या रंगांचा नकाशा कुणालाही उघडा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. सगळे हिरवे असले तरी नदीकाठी सडका वास आला तर खाली उतरू नका.

---

मावळतीचं_ऊन

थँक यू ताई! नवऱ्याला वाचून दाखवलं, आता तो चर्चपासून हॉटेल किती अंतरावर ते मॅपवर मोजतोय.

---

वाटसरू_सातारा

मंडळी, चहा दोनदा गरम केला. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. डिस्पॅचवाला, एकच शेवटचं. रडारला दिसत नाही, डोळ्याला रात्री दिसत नाही, नकाशा सहा तासांनी येतो. मग पायलट चुकून शिरलाच तर त्याला कळतं कशावरून, आणि करतो काय?

---

डिस्पॅचवाला

वास. गंधकाचा, जळक्या वायरीसारखा, आणि कॉकपिटमध्ये बारीक धुरकट धूळ. रात्री काचेवर निळसर ठिणग्या नाचतात, इंजिनाच्या तोंडाशी उजेड दिसतो, ते कणांच्या घर्षणाचं विजेचं काम. वेगाचा काटा वेडावाकडा व्हायला लागतो कारण हवा मोजायच्या नळीत राख जाते.

करायचं काय ते मनाच्या विरुद्ध आहे. संकट आलं की वर जाऊ, जोर लावू असं वाटतं. १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात केएलएमच्या जंबोने तेच केलं. रिडाउट ज्वालामुखी, तोही हिमनद्यांनी मढलेला, त्याच्या राखेत शिरल्यावर बाहेर पडायला पूर्ण जोर लावून वर चढायला लागले, इंजिनं आणखी तापली, काच आणखी वितळली आणि चारही बंद पडली. बऱ्याच खाली आल्यावर लागली, अँकरेजला उतरले, सगळे वाचले. आता शिकवतात ते असं, ऑटोथ्रॉटल काढा, जोर एकदम कमी करा म्हणजे आत तापमान उतरेल, ऑक्सिजन मास्क लावा, आणि आलात त्याच रस्त्याने १८० अंशात मागे फिरा. पुढे ढग किती लांब आहे ते माहीत नसतं, मागे किती होता ते माहीत असतं.